आवडीचे रातांबे

मंडळी, डोंगरमाथ्यावरचा हा उघडा सडा आधी डोळे भरून बघा. जिकडेतिकडे काळा कातळ, वाळलेलं गवत आणि तळपायाला लागणारी धग. आणि त्याच्या मधोमध हे रातांब्यांचं, म्हणजे कोकमाचं हिरवंगार बन! हे आपसूक उगवलेलं नाही. आवडी नावाच्या बाईनं ते हातानं उभं केलं, असं सांगतात.

आवडी खालच्या गावाची, कुसवड्याची सून. तिचा लेक तापानं फणफणला होता, ताप काही उतरेना. तिनं ग्रामदेवीला नवस बोलला, लेकरू उठलं तर उघड्या सड्यावर सावली उभी करीन. शेजारणीनं दिलेलं रातांब्याचं सार पोटात गेलं नि पोर उठून बसलं. मग झाडंही रातांब्यांचीच लावायची, हे तिनं तिथंच ठरवलं.

कातळातल्या भेगा पहारीनं रुंद करून तिनं त्यांत पाट्या पाट्या माती ओतली. खालच्या ओढ्यातून डोक्यावर हंडा घेऊन चढायची, बुडाशी पाचोळा पसरायची, म्हणजे ओल टिकते. कातळावर कधी झाड धरतं का, म्हणून गाव हसला. ती हंडे वाहत राहिली. झाडं डोक्याच्या वर गेली आणि एका वैशाखात लालभडक फळांनी लगडली. पहिली फळं देवीला वाहायची म्हणून आवडी पहाटेच हंडा घेऊन निघाली, पाय जमिनीवर ठरत नव्हते तिचे.

वर पोचते तो समोर वणवा! समुद्राकडचा वारा, वाळलं गवत, आग नुसती धावत बनाकडे येत होती. हंडा पहिल्याच झाडाला संपला. हिरवी फांदी तोडून ती एकटी जाळ झोडपू लागली. हाका मारल्या, पण गाव कुठं खाली राहिलेला.

तेवढ्यात पलीकडून सनई ऐकू आली. यसू नावाच्या नवरीला घेऊन कुसवड्याला निघालेलं वऱ्हाड सडा ओलांडत होतं. जाणती माणसं म्हणाली, वळसा घालून चला, मुहूर्त टळेल. पण यसूनं करवलीच्या हातातला पाण्याचा कऱ्हा ओढून घेतला, लुगड्याचा काचा मारला आणि थेट जाळाकडे धावली.

नवरीच धावल्यावर वऱ्हाड कसलं थांबतंय! वाजंत्र्यांनी ढोल टाकून फांद्या उचलल्या. बायकांनी वाटेसाठी घेतलेल्या कळश्या रित्या केल्या. कडेच्या झाडांची पानं करपू लागली होती. यसू एकेका बुंध्याशी पाणी ओतत पुढं सरकत होती आणि त्या वीतभर कऱ्ह्यातलं पाणी म्हणे संपेचना. वारा फिरला म्हणून आग विझली, असंही काही जण सांगतात. वारा फिरला खरा. पण तिथं असलेली माणसं मरेपर्यंत कऱ्ह्याचंच नाव घेत होती.

आग बनाच्या कडेशी येऊन बसली. काजळीनं माखलेल्या नवरीकडे बघून आवडीला भरून आलं.

"बाय, मुहूर्त टळला गो तुझा."

"टळू दे, मावशी. झाडं राहिली ना?"

देवीसाठी राखलेली पहिली फळं आवडीनं यसूच्या ओटीत घातली. धूर बघून नवरदेवासकट त्याच्याकडची माणसं गावातून वर धावत आली होतीच. मग लग्न तिथंच, रातांब्यांच्या सावलीत लागलं.

आजही कुसवड्यात येणारी प्रत्येक नवरी आधी इथं थांबते आणि कऱ्ह्यातलं पाणी आपल्या हातानं झाडांना घालते. तोवर वाजंत्री गप्प. भटजींनी काढलेली वेळ निघून गेली तरी कुणी घाई करत नाही. शेवटच्या झाडाला पाणी पोचलं, की आमच्याकडे तोच मुहूर्त.