निवृत्तीच्या गाडीचा बिघाड

माळावरच्या एका गावात निवृत्ती सस्ते नावाचा एक पिकअपवाला राहत होता. नर्सरीतली रोपं गाडीत भरायची आणि लांबच्या मळ्यांवर पोचवायची, हे त्याचं काम. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी सासरी, सुरतेला. तिचा फोन यायचा, पण "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" एवढ्यातच तो संपायचा. रोपं उतरवून घेणाऱ्या माणसाशी दोन शब्द व्हायचे, तेवढंच दिवसभराचं बोलणं. घरी आला की निवृत्ती उगाच मोठ्यानं खोकायचा. घरात काहीतरी आवाज असावा म्हणून.

एका उन्हाळ्यात त्याची पिकअप चढावर झटके देऊ लागली. सीएनजीही जास्त लागू लागला. निवृत्तीनं ती फाट्यावर अब्बासभाई मुलाणींच्या गॅरेजात नेली. अब्बासभाईंनी साठी ओलांडली होती. गॅरेजात ते एकटेच काम करायचे. त्यांनी प्लग काढून तळहातावर घेतले.

"टोकं झिजलीत," ते म्हणाले. "ठिणगी नीट पडत नाही. गॅस न जळताच वाया जातो. प्लग चांगल्यातले घालू, कॉइल बदलू, वायरीही नव्या टाकू. मग गाडीची ओढ बघा."

सामान शहरातून यायला दोन दिवस लागले. ते दोन्ही दिवस निवृत्ती गॅरेजातल्या बाकड्यावर बसून राहिला. दुपारी अब्बासभाईंनी डबा उघडला आणि सहज विचारलं, "जेवलात का, निवृत्तीराव?"

हे त्याला कितीतरी दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

गाडी उत्तम झाली. चढ सहज चढू लागली, ऍव्हरेज वाढलं, इंजिनाचा आवाज एकसारखा झाला. निवृत्तीला आनंद व्हायला हवा होता. पण आता गॅरेजात जायला कारण उरलं नव्हतं.

महिनाभर त्यानं कळ काढली. मग एका गुरुवारी तो गेला आणि म्हणाला, "कॉइल तापतेय वाटतं." कॉइल तापत नव्हती. तरी त्यानं आणखी भारी कॉइल बसवून घेतली. पुढे त्याहून महागाचे प्लग घेतले. मग पुन्हा वायरी.

शेवटी अब्बासभाई म्हणाले, "यापेक्षा चांगलं या गाडीला काही बसत नाही, निवृत्तीराव. आता निवांत चालवा."

तेव्हापासून निवृत्ती भलतंच करू लागला. गॅरेज अर्ध्या किलोमीटरवर आलं की तो गाडी थांबवायचा, बॉनेट उघडायचा आणि एका प्लगची वायर अर्धी उपसून ठेवायचा. गाडी झटके देत गॅरेजात शिरायची. अब्बासभाई वायर दाबून बसवायचे, "गेलं मिसिंग, आता झटके नाहीत," म्हणायचे आणि चहा ठेवायचे. दर गुरुवारी हेच.

असाच एका गुरुवारी भर दुपारी तो झटके खात पोचला. अब्बासभाई दारात जमिनीवर बसले होते. ट्रॅक्टरच्या पंख्यात त्यांचा उजवा हात सापडला होता. भोवती गुंडाळलेला पंचा रक्तानं भिजला होता. फाट्यावर दुसरं कुणी नव्हतं.

निवृत्तीनं त्यांना आधार देऊन गाडीत बसवलं. धावत जाऊन वायर घट्ट दाबली आणि गाडी तालुक्याच्या दवाखान्याकडे सोडली.

पण दर आठवड्याला ओढून ओढून त्या वायरीची टोपी सैल झाली होती. चढ लागला, इंजिन थरथरलं आणि वायर निसटली. निवृत्ती उतरला, वायर बसवली, निघाला. पुढच्या वळणावर ती पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा त्याची बोटं भाजली. त्यानं रोपं बांधायची सुतळी काढली आणि वायर प्लगवर आवळून बांधली. अब्बासभाई डोळे मिटून बसले होते.

"इंजिनाचा तिसरा सिलिंडर आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही दर वेळी त्याचीच वायर काढता."

निवृत्तीनं मान खाली घातली. गाडी कशीबशी चढ चढत होती. गिअर बदलत तो म्हणाला, "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही यायचं थांबला असता. माझ्याकडे तरी चहाला कोण येतं?"

दवाखान्यात दोन बोटं वाचली. करंगळी काढावी लागली. जरा आधी पोचले असते तर तीही वाचली असती का, हे डॉक्टरांना निवृत्तीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." हे उत्तर पुढे बरेच दिवस त्याच्या मनातून गेलं नाही.

दोन आठवडे तो गॅरेजाकडे फिरकला नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती. तिसऱ्या गुरुवारी मात्र त्यानं मन घट्ट केलं. नवी वायर आधीच बसवून घेतली होती. वाटेत तो कुठेही थांबला नाही. गाडी एका लयीत गॅरेजापुढे आली. अब्बासभाई डाव्या हातानं पाना धरायची सवय करत होते. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला आणि वर पाहिलं.

"काय झालं गाडीला?"

खरं सांगण्यापेक्षा वायर उपसणं सोपं होतं.

"गाडीला काही नाही," तो म्हणाला. "घरी करमत नाही, अब्बासभाई. बसायला आलोय."

"मग बसा की," अब्बासभाई म्हणाले. "आणि आज चहा तुम्हीच ठेवा. मला अजून भांडं धरवत नाही."

तात्पर्य: माणसाची सोबत हवी असेल तर ती सरळ मागावी, तिच्यासाठी रचलेला खोटा बिघाड एक दिवस खरा होतो आणि आपल्याच माणसाला भोवतो.