नदीची घरटी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि माणसं काठाकाठानं चालत मुलुख ओळखत असत.

त्या काळी एका राज्यात डोंगरावरची दरड कोसळली आणि चाळीस घरांचं एक गाव गाडलं गेलं. माणसं वाचली, पण छपरं गेली. राजाला त्यांची दया आली. नुकताच दूरदेशी शिकून परतलेला हरिदत्त नावाचा तरुण त्याच्या दरबारी होता. राजा त्याला म्हणाला, "नदीकाठानं संगमापर्यंत चालत जा. नव्या गावाला योग्य जागा दिसेल तिथं खुंटी ठोक. पावसाळा महिन्यावर आलाय. परवा सकाळी पाया खणायचा आहे."

हरिदत्ताला हेच हवं होतं. आपली विद्या आपल्याच माणसांच्या कामी यावी, म्हणून तर तो परत आला होता. पहाटे मोजणीची दोरी आणि वही घेऊन तो निघाला. वाटेत त्याला गिरजा भेटली. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं पिकवणारी ती म्हातारी, डोक्यावर पाटी घेऊन संगमावरच्या लेकीकडे चालली होती. दोघं बरोबर चालू लागली.

हरिदत्ताला सगळ्याचंच कुतूहल. "आजी, ही वाळू इथं पांढरी आणि तिथं काळी का?" असं तो विचारी, आणि तिनं तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणे, "हां, वरचा खडक वेगळा असणार!" लगेच वहीत लिही आणि पुढं जाई. सकाळभर असंच चाललं. टिटवी का ओरडते, लव्हाळा कुठं संपतो, गवळी म्हशी पलीकडे का नेतात, सगळे प्रश्न त्याचे आणि सगळी उत्तरंही त्याचीच.

दुपारी मोठं मैदान लागलं. हातात घेतली तर भुसभुशीत व्हावी अशी काळी माती, आणि पाणी हाकेच्या अंतरावर. हरिदत्त हरखला. "आजी, यापेक्षा चांगली जागा असेल का?"

गिरजानं काठावरच्या बाभळींकडे बोट केलं. "त्या बाभळी बघ आधी..."

"बघितल्या ना! केवढी घरटी आहेत! पाखरंसुद्धा इथंच राहतात, मग माणसांनी का राहू नये?"

त्यानं खुंटी ठोकली. वर लाल फडकं बांधलं. दरडीत घर गेलेली माणसं जवळच्या टेकडीवर थांबून खुंटीची वाटच पाहत होती. ती डोंगरातली, त्यांना नदीची काय माहिती? लाल फडकं दिसताच त्यांनी लाकडं भरलेल्या गाड्या जुंपल्या.

गिरजानं पाटीतलं एक कलिंगड फोडलं, अर्धं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "खा. तोंड भरलेलं असलं म्हणजे तेवढा वेळ तरी गप्प बसशील."

हरिदत्त हसला. जागा ठरली होती, पण नकाशा संगमापर्यंत पुरा करायचा होता, म्हणून तो पुढं निघाला. चालता चालता त्याला एक गोष्ट खटकू लागली. पुढच्या बाभळींवरही घरटी होती आणि सगळी एकाच उंचीवर. एक वर नाही, एक खाली नाही. पाखरं काय दोरी लावून घरटी बांधतात?

काठीनं त्यानं एक घरटं खाली पाडलं. आत अंडं नव्हतं, पीस नव्हतं. वाळलेलं गवत, मोडक्या सुपाचा तुकडा, आणि कुणा पोराचा लाकडी बैल.

त्यानं तो बैल उचलला. मग खाली मातीत बसला आणि दिवसात पहिल्यांदाच, प्रश्न विचारून थांबला.

"आजी, ही कुणाची घरटी?"

"नदीची," गिरजा म्हणाली. "दहा-बारा वर्षांनी एकदा ती अंग पसरते. पाणी तिथवर चढतं. ओसरलं की वाहून आणलेलं सगळं फांद्यांत अडकून राहतं."

हरिदत्ताला आपली खुंटी आठवली. खुंटीजवळची घरटी दोन पुरुष उंचीवर होती. "मग सकाळपासून सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं, बाबा? तू तर वहीला सांगत होतास."

सूर्य कलला होता. हरिदत्त धावत सुटला. मैदानात पोचला तेव्हा गाड्या रिकाम्या होत होत्या, आणि एका बाईनं चुलीसाठी तीन दगडही मांडले होते. सगळ्यांसमोर त्यानं खुंटी उपटली.

"माझं चुकलं. गाव इथं नाही, मैदानामागच्या त्या मुरमाच्या उंचवट्यावर वसवायचं."

"तिथं?" ती बाई चिडली. "पाण्याला रोज हजार पावलं जास्त! तू येणार आहेस का हंडे वाहायला?"

त्या लोकांच्या म्होरक्यानं टोमणा मारला, "दुपारी एक, संध्याकाळी दुसरं. पंडित, एवढ्यात नदी बदलली का?"

"नदी तीच आहे," हरिदत्त म्हणाला, "मी बदललो." आणि बाभळीतल्या घरट्यांकडे बोट दाखवत त्यानं तो लाकडी बैल म्होरक्याच्या हातात ठेवला.

म्होरक्यानं बैल उलटसुलट पाहिला, मग बाभळीकडे मान वर केली. त्यानं पहिलं लाकूड परत गाडीत टाकलं.

गाव उंचवट्यावर वसलं. दोन वर्षं बायका हंडे वाहताना हरिदत्ताच्या नावानं बोटं मोडत होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात नदीनं अंग पसरलं. मैदान बुडालं, बाभळींचे फक्त शेंडे दिसत राहिले. पाणी गावाच्या पहिल्या उंबऱ्याखाली दोन हातांवर येऊन थांबलं आणि मागं फिरलं. चाळीसच्या चाळीस चुली त्या संध्याकाळी पेटल्या.

हरिदत्त त्यानंतर पुष्कळ गावांच्या खुंट्या ठोकायला गेला. जाईल तिथं तो आधी कुणाच्या तरी शेजारी मातीत बसे, एकच प्रश्न विचारी आणि वही मिटून ठेवी.

बोध: प्रश्न विचारणं ही विद्येची सुरुवात आहे; उत्तर येईपर्यंत थांबणं हीच खरी विद्या.