मुका दोर

खैरदऱ्याच्या गावविहिरीवर आता विजेचा पंप आहे, नळ घराघरांत गेले आहेत, तरी तिच्या कप्पीवर घायपाताचा नवाकोरा दोर लोंबताना दिसतो. ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो बदलतात. ख्रिस्ती वस्तीतली एक बाई खांद्यावर दोर आणि कमरेवर घागर घेऊन निघते, पाटलांच्या घरातला कर्ता माणूस तिच्या मागून चालतो, आणि विहिरीपर्यंत दोघंही चकार शब्द काढत नाहीत. पाहुणे विचारतात, हे काय? मग चर्चचे जुने पंच पावलसबाबा विहिरीच्या कठड्यावर बसतात आणि आधीच बजावतात, की गोष्ट ऐकून शहाणे व्हाल अशी आशा धरू नका. ज्याच्या बाबतीत घडली त्यालाच ती कळली नव्हती.

असे सांगतात की, पाच पिढ्यांपूर्वी इथे गेनू वैरागर नावाचा दोर वळणारा होता. बैलांच्या कासऱ्यापासून विहिरीच्या दोरापर्यंत सगळं त्याच्या हातचं. एका फिरत्या पाळकाचं बोलणं ऐकून त्यानं आणि त्याच्या बायकोनं, सारजानं, बाप्तिस्मा घेतला. गावाला ते रुचलं नाही. विहिरीला शिवायची त्यांना आधीही मनाई होतीच, पण कोणीतरी वरून घागरीत पाणी ओतायचं. आता तेही बंद झालं. सारजा दीड कोसावरच्या ओढ्यावर जाऊ लागली. गेनूचे दोर कोणी घेईना, दोरासाठी वाळत घातलेला घायपाताचा वाख कोणीतरी पेटवून दिला, सख्ख्या भावानं दार लावून घेतलं. या सगळ्यात पुढं होते हैबतराव पाटील.

हे सगळं गेनू सोसत होता. त्याला उमगत नव्हती ती पाळकांची शिकवण, की वैऱ्यावर प्रीती कर. तो प्रार्थनेला बसायचा, पाटलांचं नाव घ्यायचा, आणि नावापाठोपाठ तोंडात शिवीच यायची. मग देवाची क्षमा मागून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रीती करायची म्हणजे नेमकं करायचं काय, असं त्यानं पाळकांना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करत राहा. म्हणजे घोडं पुन्हा तिथंच अडलं.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, दुसऱ्या दिवशी गावानं विहिरीचा गाळ काढायला घेतला. दोर परगावाहून आणला होता. गेनू ओढ्याकडे निघाला होता, त्यानं लांबूनच तो पाहिला. पीळ सैल होता. नवा दोर रात्रभर भिजवून, ताणून, मगच त्यावर वजन टाकायचं असतं. हा कोरडाच चढवला होता. आणि त्याच दोरावरून पाटलांचा धाकटा भाऊ खाली उतरला होता.

गेनूच्या मनात काय काय आलं, त्याचं त्यालाच कळेना. भीती वाटली, थोडं बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. शिवाय असला भिकार दोर आपल्या गावच्या विहिरीवर चढावा याची चीड आली, ती वेगळीच. तो लांबूनच ओरडला, की दोर टिकायचा नाही, माणूस वर घ्या. उत्तरादाखल दगड आले. एक कपाळावर बसला. गेनू घरी गेला आणि आढ्याला टांगलेला आपला सगळ्यात चांगला दोर त्यानं उतरवला. कुणाला देताय, असं सारजानं विचारलं, तर त्याला सांगता येईना.

तो परतला तेव्हा दोर तुटला होता. धाकटा पाटील गाळात कमरेपर्यंत रुतला होता, वरून दरड सुटत होती. बाटलेल्या माणसाकडे मागायचं कसं, हे हैबतरावांना कळेना. द्यायचं कसं, हे गेनूला कळेना. अशा वेळेसाठी म्हणून पाठ केलेलं शास्त्रातलं वचन होतं, तेही म्हणे त्याला आठवलं नाही. त्यानं दोर जमिनीवर ठेवला आणि दहा पावलं मागं सरला. पाटलांनी तो उचलला. भाऊ जिवंत वर आला.

आता गाव सुधारलं असेल, असं पाहुण्यांना वाटतं. पावलसबाबा मान हलवतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. गाव गेनूच्याच दोरानं पाणी शेंदू लागलं आणि सारजा ओढ्यावर जात राहिली. गेनूनं पाळकांना गाठलं.

"त्यांनी माझा दोर ठिवला, मला न्हाई ठिवला. मी जितलो का हरलो?"

पाळक म्हणाले, "मला ठाऊक नाही, गेनू."

असं म्हणणारा आणखी एक जण भेटला, याचंच गेनूला जरा समाधान वाटलं.

वर्षभरात तो दोर कुजला. ईस्टरच्या आदल्या शनिवारी गेनूनं दुसरा वळून त्याच जागी नेऊन ठेवला. तेव्हा मात्र सारजा भांडली.

"ज्या दोरानं मला घोटभर पाणी मिळत न्हाई, त्यो वळता तरी कशाला?"

"मला न्हाई कळत, सारजे. पन त्याच्यावरनं मानूस उतरतोय."

असं नऊ वर्षं चाललं. दहाव्या वर्षी गेनू तापानं गेला. त्या शनिवारी जागेवर दोर नव्हता. म्हातारे झालेले हैबतराव वस्तीत आले आणि सारजाच्या दारासमोर उभे राहिले. काहीतरी बोलायला आले होते असं सांगतात. ओठही हलले, पण शब्द फुटला नाही. सारजा आत गेली. गेनूनं वळलेला शेवटचा दोर तिनं खांद्यावर टाकला. दाराशी आली, क्षणभर थांबली, आणि परत जाऊन तिनं घागर कमरेवर घेतली. पाटलांच्या हातात तिनं काहीच दिलं नाही. ती सरळ विहिरीकडे चालू लागली आणि पाटील तिच्या मागून.

विहिरीवरची माणसं उठली. एकानं वाकून दगड उचलला, सारजाच्या मागं कोण येतंय ते पाहिलं, आणि खाली ठेवला. तिनं स्वतः कप्पीवर दोर चढवला, स्वतः घागर शेंदली आणि घरी गेली. पाटील हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

पाटलांच्या घरात याला थोरल्यांचा नवस म्हणतात, चर्चमध्ये गेनूची साक्ष म्हणतात, तरुण पोरं सारजाचा विजय म्हणतात. पावलसबाबांना विचारलं तर ते म्हणतात, गेनू असता तर डोकं खाजवत बसला असता.

आजही पहिली घागर वस्तीची असते. मागून आलेला पाटील कठड्याशी थांबतो, तोंड उघडतो आणि मिटतो. बाई त्याच्याकडे पाहत नाही. ती दोराला सगळ्या अंगानं लोंबकळून पाहते, माणसाचं वजन पेलेल अशी खात्री करून घेते, आणि मगच घागर आत सोडते.