आप्पांसाठी खुर्ची

एका गावात एक भोळा गडी राहत होता, तुळाजी नावाचा. भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण ती कामापुरती भोळी. तुळाजी उठल्यापासून झोपेपर्यंत भोळा असायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे, सगळी पंचाईत तिथेच होती. लहानपणी आई त्याला दुधाकडे बघ म्हणून सांगून पाण्याला गेली. दूध उतू गेलं. तेही त्याने अगदी शेवटपर्यंत बघितलं.

त्याची बायको सगुणा. ती शहाणी होती आणि तिचा नवऱ्यावर जीव होता. या दोन गोष्टी एका बाईत कशा, हे शेजारणींना कधी कळलं नाही.

घर दोन खोल्यांचं. त्यात एक चूल, एक घागर, चार गोधड्या आणि बाकी सगळी भुई. बसायचं तर भुईवर. दोघांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी सगुणाचे वडील, आप्पा, लेकीच्या घरी आले नव्हते. राग नव्हता, गुडघे होते. एकदा भुईवर बसले की त्यांना उठवायला दोन माणसं लागायची, आणि जावयाच्या हाताने उठायचं आप्पांना मान्य नव्हतं. बसायला खुर्ची झाली की येतो, असा त्यांचा निरोप होता.

सगुणाला ते फार लागायचं. शेजारणीचे वडील ओट्यावर चहा पीत बसलेले दिसले की ती आत जाऊन घासलेलीच भांडी परत घासायची. शेवटी तिने अंडी विकून थोडे पैसे साठवले. नवी खुर्ची त्यात येणार नव्हती, पण आठवडी बाजारात जुन्या लाकडी सामानाचं एक पाल लागायचं. तिने आप्पांना निरोप धाडला, खुर्ची येतेय, पंधरा दिवसांनी तुम्हीही या. मग तुळाजीच्या हातात पैसे ठेवले.

"अवं, म्होरचा सांगंल त्याच्या निम्म्यात मागा," ती म्हणाली. "आन निम्म्यावरच अडून बसा."

तुळाजी बाजारात गेला. पालातल्या म्हाताऱ्याने एक खुर्ची पुढे ओढली.

"सागवानी हाय. चार पाय, दोन हात. शंभर रुपये."

"दोन पाय, एक हात," तुळाजी म्हणाला. "पन्नास रुपये."

म्हाताऱ्याने तुळाजीकडे नीट बघितलं. मग तो पालामागे गेला आणि तंतोतंत तशीच खुर्ची घेऊन आला.

ती खुर्ची भिंतीला टेकवली की उभी राहायची. माणूस बसला की राहायची नाही. सगुणाने कपाळाला हात लावला, पण ओरडली नाही. खुर्ची घेण्याआधी तिच्यावर बसून बघायचं असतं, हे तिने त्याला समजावलं. सगळा भार टाकायचा, टिकली तरच घ्यायची. तुळाजीने ते मनात पक्कं केलं.

उरलेल्या पैशांत आता खुर्ची येत नव्हती. निदान भिंतीला एखादा आरसा तरी असावा असं सगुणाला वाटलं, कारण आप्पांना जाता-येता आरशात मिशी बघायची सवय होती. पुढच्या बाजारी तुळाजी आरसेवाल्याकडे गेला. त्याला एक आरसा आवडला. तो जमिनीवर आडवा ठेवा म्हणाला. आरसेवाल्याने विचारलं, कशाला? तुळाजी म्हणाला, घ्यायच्या आधी बघायचाय. यात आरसेवाल्याला काही वावगं वाटलं नाही.

तुळाजी आरशावर बसला. सगळा भार टाकला.

आरसा टिकला नाही, म्हणून तुळाजी तो घेणार नव्हता. पण आरसेवाला आणि त्याचे दोन भाऊ म्हणाले की घ्यावाच लागेल. तुळाजी हातात रिकामी चौकट आणि धोतराला चार भोकं घेऊन घरी आला.

सगुणाने आधी त्याला पालथं झोपवून काचा काढल्या. राग तर आला होताच, पण त्याला लागलंय हे बघून तिचा जीव खालीवर झाला. काढता काढता ती म्हणाली, "काचेची चीज अशी हाताळत्यात व्हय? फडक्यात नीट गुंडाळायची, डोक्यावर घ्यायची आन सरळ घर गाठायचं."

"फडक्यात गुंडाळायची," तुळाजी म्हणाला.

चौकट खुंटीला टांगली गेली. चौकटीतून मागची भिंत दिसायची, आणि ती भिंत काळी होती. पैसे आता एवढेच उरले होते की त्यात चुनाच येईल. तर चुना आणू, सगुणा म्हणाली. बसायला नसलं तरी आप्पांना घर पांढरं दिसेल.

तिसऱ्या बाजारी तुळाजी चुना आणायला गेला. चुनेवाल्याने भिजवलेला चुना ढवळला आणि बादली कुठाय म्हणून विचारलं. तुळाजीने उपरणं पसरलं. नीट गुंडाळलं, डोक्यावर घेतलं आणि सरळ घर गाठलं.

दारात कोण उभं आहे हे सगुणाला आधी कळलंच नाही. डोळे तेवढे सुटले होते. तिने घागरभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, खूप हसली, मग चुलीपाशी जाऊन थोडी रडली. उपरणं पिळून जेवढा चुना निघाला तेवढ्यात दाराची एक बाजू पांढरी झाली. पातळ चीज फडक्यात आणू नये, हे तिने तुळाजीला सांगितलं. भांड्यात घ्यावी आणि जराही हिंदकळू न देता दमाने न्यावी.

"हिंदकळू द्यायची न्हाई," तुळाजी म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी आप्पा आले. कुणाच्या तरी बैलगाडीत बसून, नवा पटका बांधून. आत येऊन त्यांनी खुर्ची बघितली. दोन पाय, एक हात. मग लेकीचं तोंड बघितलं.

"बसायचं कुनाला हाय? गाडीत बसूनच आलोय," आप्पा म्हणाले. "जरा पडतो."

सगुणाने गोधडी अंथरली. आप्पा भिंतीला धरून कसेबसे आडवे झाले, दुसरी गोधडी अंगावर ओढली आणि घोरू लागले. वर्षाने बाप घरी आला आणि त्याला आजाऱ्यासारखं भुईवर निजावं लागलं, याचं सगुणाला फार वाईट वाटलं. तेवढ्यात गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी आली. जुनं-पुराणं द्या, खुर्ची घ्या.

तिला एकदम हुरूप आला. चहाला दूध नव्हतं, ते आणायला गवळ्याकडे जायचंच होतं. दोन पायांची खुर्ची आणि रिकामी चौकट भंगारात जाईल, आणि आप्पा उठतील तेव्हा समोर धड खुर्ची असेल, असं तिने मनात ठरवलं. मनातलं ती बोलली नाही. घाईघाईने तांब्या उचलला आणि दारातून म्हणाली, "अवं, घरात जे जुनं पडून हाय ते त्याला द्या, आन खुर्ची घ्या. आप्पा उठायच्या आत."

तुळाजीने घरभर बघितलं. खुर्ची भिंतीला टेकून उभी होती. चौकट टांगलेली होती. घागर कोपऱ्यात बसली होती. जुनं आणि पडून असलेलं घरात एकच होतं.

सगुणा दूध घेऊन आली तर खोलीच्या मधोमध खुर्ची. चार पाय, दोन हात. तुळाजी तिच्यावर सगळा भार टाकून बसला होता आणि खुर्ची हलत नव्हती. सगुणाने हात फिरवून बघितला. तिला नवऱ्याचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले. आता आप्पांना उठवा, ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली. तिथे आप्पा नव्हते. गोधडीही नव्हती.

"आप्पा कुटं हायत?"

"मामा व्हय?" तुळाजी म्हणाला. "दिले की."

मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं, कारण या वेळी त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मामांना गोधडीत नीट गुंडाळलं. गाडीवर ठेवताना जराही हिंदकळू दिलं नाही, त्यांची झोपसुद्धा मोडली नाही. गाठोड्यात काय आहे म्हणून भंगारवाल्याने विचारलं, तेव्हा खरं तेच सांगितलं. जुनं आहे, पाय कामातून गेलेत, बाकी मजबूत. भंगारवाला म्हणाला, पाय नसले तरी चालतं.

सगुणाने तांब्या तिथेच टाकला आणि पदर खोचून धावत सुटली. गल्लीच्या टोकाकडून भंगारवाल्याची आरोळी येत होती, आणि तिच्यामधून दुसराच एक जाडाभरडा आवाज शिव्या देत होता.

तुळाजी दारापर्यंत आला. खरी आनंदाची गोष्ट तर सांगायची राहूनच गेली होती.

"अगं, आदी भाव तर ऐक," त्याने मागून हाक दिली. "मामांच्या वजनावर त्यो दोन खुर्च्या देतो म्हनत हुता. म्या निम्म्यावरच अडून बसलो."