आखडलेल्या बोटांची मांडणी

एकदा एक शिष्या लॅपटॉप काखेत घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे आली. तिचे वय पन्नाशीपुढचे, गुरुजींचे ऐंशीपुढचे. जुन्या पोथ्या ताडून ग्रंथाचा शुद्ध पाठ सिद्ध करण्याची विद्या तिने आणि तिच्या पतीने याच घरी घेतली होती. एका वैद्यकग्रंथाच्या दोन पोथ्यांचे काम दोघांनी मिळून हाती घेतले. वर्षभरापूर्वी पती गेले, आणि उरलेले काम ती एकटी ओढत होती. महिनाअखेरीस ग्रंथ छापायला जायचा होता. मुखपृष्ठावर पतीचे नाव आधी, तिचे नंतर.

तिने आधी पाठवलेली पाने गुरुजींनी पुढ्यात घेतली. "हे बघ. इथून पुढे एका पोथीचे पाठभेद दुसरीच्या नावावर पडलेत. एखाददुसरा नव्हे, पानेच्या पाने. शिकाऊ माणूसही असं करत नाही."

तिने मान खाली घातली. "दोन्ही पोथ्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडते, गुरुजी. त्या बाजू बदलतात."

"पोथ्यांना पाय फुटले की काय?"

"ह्यांची सेटिंग आहे ती."

मग तिने सांगितले. कोणत्या बोटांनी काय केले की विंडो कुठे जावी, हे आपल्या सोयीने ठरवू देणारे एक छोटे सॉफ्टवेअर पतीने बसवले होते. शेवटच्या वर्षी त्यांची बोटे आखडली. ती सरकवणे जमेना, तेव्हा ट्रॅकपॅडवर तीन बोटे नुसती टेकवली की दोन्ही विंडो जागा बदलतील, अशी खूण त्यांनी लावून घेतली. तिला मात्र वाचता वाचता बोटे तिथेच टेकवून ठेवायची सवय. डावीकडची पोथी उजवीकडे कधी गेली, हे थकलेल्या डोळ्यांना कळतही नसे.

"मग ती खूण काढून का टाकली नाहीस?"

"कपडे देऊन टाकले. चष्माही दिला. त्यांच्या बोटांचं एवढंच राहिलंय."

गुरुजींनी सांत्वन केले नाही. त्यांनी लॅपटॉप स्वतःपुढे ओढला आणि ते पोथ्या ताडू लागले. त्यांचा हात कापत असे. बोटे टेकत, पोथ्या इकडच्या तिकडे उडत. ती मदतीला सरसावली, तर त्यांनी हात आडवा केला. चहा निवून गेला, तरी ते मागे हटेनात. हा हट्ट कशासाठी, हे तिला उमगेना. अखेर ते म्हणाले, "मला नाही झेपत. माझ्या हाताला चालेल असं काही करून दे."

गुरुजींचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. तिने सॉफ्टवेअर उघडले, पतीची खूण बंद केली. नुसत्या स्पर्शाने विंडो हलूच नये, कळफलकावरची एक कळ दाबून धरली तरच हलावी, अशी योजना केली.

"दाबून बघा."

"लांब पडते गं."

तिने जवळची कळ निवडली. "आता?"

"आता बरं."

तिचा चेहरा उतरला होता. "पुसलं मी आज त्यांचं."

"काय पुसलंस?" गुरुजी म्हणाले. "त्याने ही खूण आठवण म्हणून ठेवली नव्हती. दुखऱ्या हाताला काम करता यावं म्हणून केली होती. आत्ता माझ्या हाताकडे बघून तू तेच केलंस. ते खरं त्याचं. तू वर्षभर जपलंस ते त्याचं दुखणं. आणि त्यापायी त्याच्याच नावाचं पुस्तक बिघडायला निघालं."

ती हळूच म्हणाली, "जुनी मांडणी वेगळी जतन करून ठेवता येते."

"ठेव ना. चुकली म्हणून पोथी आपण जाळत नाही. पण चूक ओळखल्यावर ती पुढे उतरवतही नाही." त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "माझं झालं. तुझ्या हाताचं काय?"

हे तिला वर्षभरात कोणी विचारले नव्हते. तिने जुनी मांडणी पतीच्या नावाने जतन केली. मग थोडे चुकत, थोडे बदलत, स्वतःपुरती एक नवी लावली आणि पहिल्या चुकलेल्या पानावर गेली. एक पोथी डावीकडे, एक उजवीकडे. वाचताना बोटे टेकली, तरी दोन्ही जागच्या जागी राहिल्या.

दिवेलागणीपर्यंत ती दमली. पण आजचे दमणे कामाचे होते.