आई वाढते तसं

सांगलीच्या एका थाळीच्या हॉटेलात सोपान वाढपी होता. पगार जेमतेम, सगळी भिस्त टिपेवर. तीन वर्षं गावी जाणं झालं नव्हतं. दर रविवारी माजी सभापती दिनकरराव बोटं चाटून जेवायचे, पण बडीशेपेच्या बशीत छदामही ठेवायचे नाहीत.

एकदा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या वाढण्यात माया नाही. आई वाढते तसं वाढ, मग बघू टिपेचं."

सोपाननं आईला डोळ्यांपुढे आणलं. आमटीची वाटी रिकामी होऊ दिली नाही, ते "नको नको" म्हणत असतानाही भाकरीवर तूप सोडलं. दिनकररावांनी ढेकर दिला आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

"अगदी आईसारखं! पण आई कुठं टीप घेते?"

सगळं हॉटेल हसलं.

"खरंय साहेब," सोपान म्हणाला. "पण आमच्या घरी जेवल्यावर ज्याचं ताट त्यानं घासायचं. मोरी मागं आहे, चला."

आता हॉटेल दुप्पट हसलं. दिनकररावांनी मुकाट्यानं शंभराची नोट बशीत ठेवली.

ते ताट सोपाननंच घासलं, अगदी सावकाश. मागून कुणीतरी आईसारखं "पुरे रे, किती घासशील" म्हणेल, अशी वाट बघत.