धर्मशाळेच्या भिंतीवरचं घुबड

एका बाजाराच्या गावात सुभाना नावाचा एक रंगारी राहत होता. लुगडी-पागोटी रंगवून झाली की उरलेल्या रंगांत काडी बुडवून तो चिंध्यांवर चित्रं काढी. ही कला त्याला कुणी शिकवली नव्हती. म्हणूनच की काय, त्याचा बेडूक पागोटं बांधून वरातीला निघे, त्याची म्हैस छत्री धरून नदी ओलांडी आणि त्याचा कोल्हा नाकावर चष्मा ठेवून पोथी वाची. बाजाराच्या दिवशी पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करत. तो चित्राची गोष्ट सांगे आणि चिंधी पोरांना देऊन टाकी.

त्याच गावात चंद्राक्का नावाची सुईण होती. अर्धं गाव तिच्याच हातांवर जन्मलं होतं. तिला खोटं खपत नसे. गावचे देसाई सगळ्यांच्या विहिरीचं पाणी चोरून आपल्या उसाला नेतात, हे तिने भर चावडीत त्यांच्या तोंडावर सांगितलं. लोक कुजबुजू लागले.

देसायांनी सुभानाला बोलावून घेतलं.

“चिंध्या किती दिवस रंगवणार?” ते म्हणाले. “बाजारासमोरची धर्मशाळेची अख्खी भिंत तुला दिली. तिच्यावर एक घुबड काढ. हिरवं लुगडं नेसलेलं, काखेत औषधांचं गाठोडं, चोचीत तान्हं मूल.”

सुभाना चपापला. “मालक, ही तर चंद्राक्का! सुईणीला घुबड केलं तर लोक अशुभ मानतील.”

“तिला हात लावला तर गाव माझ्या अंगावर येईल. तिला बघून गाव हसलं म्हणजे झालं. तुला जमत नसेल तर सांग, शहरातून शिकलेला चितारी आणतो.”

शिकलेला चितारी! हे सुभानाला झोंबलं. आणि एवढी मोठी भिंत पुन्हा कोण देणार होतं? त्याने शिडी लावली.

त्याची बायको हौसा शिडीखाली येऊन उभी राहिली. “अहो, आपली पोर आडवी आली होती. त्या बाईने दोन्ही जीव वाचवले. आणि तिला तुम्ही घुबड करता?”

“चित्रच तर आहे,” मागे न बघता तो म्हणाला. “चार दिवस हसतील आणि विसरतील.”

घुबड फार सुरेख उतरलं. त्याच्या हातून इतकं चांगलं चित्र आजवर झालं नव्हतं. गाव पोट धरून हसलं. चंद्राक्का रस्त्याने निघाली की पोरं मागून घूं घूं करू लागली. मग हसण्याची जागा भीतीने घेतली. पोटुशा बाया तिला पाहून पदर ओढून घेऊ लागल्या. पाण्याचा विषय तर कुणी काढेना. घुबडाचं बोलणं कोण मनावर घेतो?

उन्हाळ्यात विहीर आटली. त्याच दिवसांत कुंभाराची सून अडली. न बोलावता चंद्राक्का धावत गेली. सासूने दारात हात आडवा धरला.

“घुबडाची सावली नको माझ्या घरात!”

आतलं ओरडणं ऐकत चंद्राक्का अंगणात बसून राहिली. दुपार कलली तेव्हा ते थांबलं. बाळ काही रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाव सोडून निघाली. जाताना भिंतीपाशी थांबली. सुभाना तिथेच होता. त्याला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार.

“डोळे छान काढलेस रे,” ती म्हणाली. “अगदी माझेच आहेत.”

आणि ती चालू लागली.

सुभानाने चुना कालवला आणि भिंत पांढरी करून टाकली. देसायांनी त्याला अडवलंही नाही. त्यांचं काम झालं होतं.

पुढच्या बाजाराला सुभाना नवं चित्र घेऊन बसला. झबलं घातलेलं डुकराचं पिल्लू भिरभिरं घेऊन पळत होतं. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. अखेर एका चिमुरडीने ती चिंधी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

“सुभानाकाका, हे कुणाला काढलंय?”

“कुणालाच नाही गं. नुसतं पिल्लू आहे.”

मुलीने चिंधी हळूच खाली ठेवली.

“आई म्हणते, तुम्ही नुसतं काही काढत नाही,” ती म्हणाली आणि पळून गेली.

तात्पर्य: ज्या हुन्नराने निष्पापांना हसवलं, तो कुणाचं हसं करायला बळवंताच्या हाती देऊ नये; चित्र चुन्याने झाकता येतं, केलेला घात झाकता येत नाही.